बापाहून दोन वर्षांनी थोरला

परवा माझी नात बीजगणिताची वही घेऊन समोर येऊन बसली आणि वैतागून म्हणाली, "आजी, हे बघ ना, मुलगा बापापेक्षा मोठा येतोय." तिनं अधिकच्या जागी उणे केलं होतं, एवढंच. पण मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. तिला वाटलं, मी तिलाच हसते आहे. ती रुसून आत निघून गेली. परीक्षेच्या दिवसांत मुलांना हसलेलं खपत नाही, हे तीस वर्षं शाळेत शिकवून मला कळायला हवं होतं.

मी तशीच खिडकीशी बसून राहिले. बाहेर कडुलिंबाला मोहोर आला होता आणि त्याचा कडवट-गोड वास उन्हाबरोबर आत येत होता. मला सोलापूरचा उन्हाळा आवडतो, हे मी चारचौघांत सांगत नाही, लोक वेड्यात काढतात. पण मार्च संपत आला, दुपारी रस्ते ओस पडले, दारादारांत कलिंगडाच्या फोडींवर माशा घोंगावू लागल्या, की मी मनानं चौदा वर्षांची होते. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ती गोष्ट. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं आणि आम्ही पोरी घागरींच्या रांगेत उभ्या राहून इतिहासाच्या सनावळ्या घोकायचो.

आमचं घर मागांच्या गल्लीत होतं. दोन्ही बाजूंना चादरीचे कारखाने, दिवसभर खटखट खटखट. पाहुणे आले की कानांवर हात ठेवायचे, आम्हाला मात्र तो आवाज ऐकूच यायचा नाही. वीज गेली आणि माग थांबले की उलट आम्ही दचकायचो. माझे पाढे, माझ्या कविता, सगळं त्या खटखटीच्या तालावर पाठ झालेलं. पुढं कॉलेजला दुसऱ्या गावी गेले तेव्हा पहिला महिनाभर मला शांततेमुळं अभ्यासच सुचेना.

दादा, म्हणजे माझे वडील, मल्लेशम मालकांच्या कारखान्यात पत्त्यांची नक्कल करायचे. हे पत्ते खेळायचे नव्हेत. पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या, त्यांना ओळीनं भोकं पाडलेली, आणि अशा शेकडो पट्ट्या दोरीनं एकमेकींना ओवलेल्या. ही माळ मागाच्या डोक्यावर फिरते. जिथं भोक असेल तिथला धागा उचलला जातो, आणि चादरीवर मोर उमटतो की कमळ, ते त्या भोकांवरून ठरतं. वापरून वापरून पत्ते झिजायचे, फाटायचे. मग जुना पत्ता समोर ठेवून कोऱ्या पुठ्ठ्यावर तशीच्या तशी भोकं पाडायची, हे दादांचं काम. हातात पंच आणि लाकडी हातोडी. त्यांचा एकच नियम होता आणि तो मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की अजूनही त्यांच्या आवाजात ऐकू येतो: "नक्कल करताना शहाणपना करायचा न्हाय. आज तुमी एक पाकळी वाढीवशीला, उद्या मोराला शिंगं लावशीला."

एका चादरीतल्या फुलाला एका अंगाला सात पाकळ्या होत्या आणि दुसऱ्या अंगाला सहा. दादांनी सातास सात आणि सहास सहाच पाडल्या. बघताना त्यांनाही ते खुपत होतं, पण हात लावला नाही.

त्या वर्षी मला दोन परीक्षा होत्या. एक शाळेतली, आठवीची. दुसरी चर्चमधली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं जाणती झाली की झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, सगळ्यांसमोर उभी राहायची. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, प्रश्न विचारायचे, मुलांनी उत्तरं द्यायची, मग त्यांना प्रभुभोजनात, येशूच्या आठवणीतल्या भाकरी-द्राक्षरसात, घेतलं जायचं. त्या दिवसापासून मंडळीत तुमचं नाव मोठ्यांच्या यादीत. प्रश्न पाच होते आणि शेवटचा बायबलबद्दल, असा: पवित्र शास्त्र खरं आणि विश्वसनीय आहे, हे तू कशावरून म्हणतेस?

कशावरून. हा शब्द मला तेव्हापासून आवडतो. भांडणात तो फेकून मारता येतो आणि लाडानंही विचारता येतो. तू हे बोलतेस ते कशावर उभं राहून, ती जागा दाखव, असंच तो विचारत असतो. आयुष्यभर मी वर्गातल्या मुलांना हा शब्द विचारत आले, आणि मुलांनी मला उलट विचारला तेव्हा मनातून खूश झाले, वरवर रागावले तरी.

या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर छापील पुस्तिकेत होतं. शास्त्र देवानं प्रेरित केलेलं आहे, म्हणून ते खरं. आणि ते देवानं प्रेरित केलेलं आहे हे कशावरून, तर शास्त्रातच तसं लिहिलेलं आहे. मी ते घागरीच्या रांगेत घोकत होते. माझ्या पुढं भाग्या उभी होती. भाग्या म्हणजे मल्लेशम मालकांची मुलगी, माझ्याच वर्गातली, घरी तेलुगू आणि बाहेर अस्सल सोलापुरी बोलणारी. तिनं ऐकलं आणि मागं वळून म्हणाली, "आमचे नान्ना पण असंच म्हणतात की. आमची चादर लई चांगली. का? तर आम्हीच सांगतोय म्हणून." नान्ना म्हणजे तिचे वडील.

मला राग आला. पण उत्तर सुचेना, म्हणून जास्तच राग आला.

पाळकसाहेब उंच, किडकिडीत, सायकलवरून फिरणारे. आम्हा सहा मुलांचा वर्ग ते चर्चच्या व्हरांड्यात घ्यायचे. मी भाग्याचं नाव न सांगता तिचा टोमणा त्यांना ऐकवला. मला वाटलं, रागावतील. ते हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं. नुसतं स्वतःच्या तोंडचं प्रमाण पुरत नाही. आपण बाहेरचेही साक्षीदार बघू." मग त्यांनी एकेक कारण सांगितलं. चाळीसएक लिहिणारे, त्यांत राजे होते आणि मेंढपाळही. मधे शेकडो वर्षं गेलेली, तरी सगळ्यांचं सांगणं एकाच दिशेनं जातं. ज्या नगरांची नावं शास्त्रात आहेत त्यांतली कितीतरी जमीन खणल्यावर सापडली. संदेष्ट्यांनी आधी सांगितलेलं पुढं घडलं. आणि मग त्यांनी गुहेची गोष्ट सांगितली. येशूच्या मुलखातल्या ओसाड डोंगरात एका धनगराच्या पोरानं गुहेत दगड मारला, आत मडकं फुटल्याचा आवाज आला, आणि त्या मडक्यांत शास्त्राच्या गुंडाळ्या निघाल्या. आपल्याकडच्या प्रतींपेक्षा हजारएक वर्षांनी जुन्या. लोकांनी श्वास रोखून ताडून पाहिल्या. बारीकसारीक फरक होते, पण सांगणं तेच.

ती गोष्ट ऐकून आम्ही सहाही जण दुसऱ्या दिवशी दिसेल त्या बिळात दगड मारत सुटलो. एका बिळातून घोरपड निघाली.

आज या प्रत्येक कारणावर काय काय आक्षेप घेतले जातात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांतले काही मला पटतातही. पाळकसाहेबांनाही ते माहीत असावेत. कारण ते नेहमी म्हणायचे, "यातलं कुठलंही एक कारण एकटं फार भार घेणार नाही बरं का. सगळी मिळून घेतात." मुलांना असं खरं सांगणारा माणूस मला नंतर फार कमी वेळा भेटला.

पण मला खरी आवडायची ती सारूबाईंची कारणं. सारूबाई आमच्या मंडळीच्या बायबलबाई. शास्त्राची लहान पुस्तकं पिशवीत घालून गावोगाव जायच्या आणि ओट्यावर बसून बायकांना वाचून दाखवायच्या. पॅसेंजर गाडीनं पार केम स्टेशनापर्यंत त्यांची फेरी असे. पुस्तक कुणी घेवो न घेवो, शेंगा आणि हुरडा मात्र पिशवी भरून आणायच्या. शाळा त्यांची दुसरीपर्यंत, पण वकिलाला घाम फुटेल असं बोलायच्या.

"हे बग इस्तर," त्या शेंगा फोडत म्हणायच्या. माझं नाव एस्तेर, पण घरादारात इस्तरच. "पेत्र म्हंजी येशूच्या शिष्यांतला म्होरक्या. कोंबडा आरवायच्या आत त्यानं तीनदा सांगितलं, मी ह्या मानसाला वळकत न्हाय. दुसरा कुनी आसता तर ही गोष्ट दाबून टाकली आसती का न्हाय? आपल्याच मोठ्या मानसाची अब्रू कोन घालवंल? ह्यांनी येशूच्या चारी पुस्तकांत लिवून ठिवली."

"मग?"

"मग काय? आन येशूची कबर मोकळी हाय हे आदी कुनी बगितलं? बायांनी. त्या वक्ताला बायांची साक्ष कोर्टात कुनी धरत नव्हतं. रचून लिवायचं आसतं तर एखादा फौजदार न्हायतर पाटील हुबा केला आसता. बाया कशाला घेतल्या आसत्या?"

"कशाला घेतल्या?"

"कारन हुत्या बायाच, म्हनून," त्या म्हणायच्या आणि फोडलेल्या शेंगा माझ्या ओच्यात टाकायच्या.

आईचं कारण एका वाक्याचं होतं. तिच्या आईला गावात शाळेच्या पायरीवरही कुणी बसू देत नव्हतं, आणि तिला पहिलं अक्षर या पुस्तकातून मिळालं. "ज्यानं अक्षर दिलं ते खोटं कसं आसंल?" एवढं म्हणून आई भाकरी थापायला लागायची. तर्काच्या पेपरात या उत्तराला शून्य गुण पडतील. मी शिक्षिका म्हणून शून्यच दिलं असतं, आणि घरी येऊन रडले असते.

तर असं सगळं छान चाललं होतं आणि मध्येच वयवारीची गणितं आली. बापाचं वय मुलाच्या तिप्पट आहे, पंधरा वर्षांनी दुप्पट होईल, तर आज दोघांची वयं काय? मला ती मुळीच जमत नसत. सरावासाठी नवीन गणितं हवीत म्हणून मी शास्त्रातले राजे घेतले. तिथं प्रत्येक राजा कितव्या वर्षी गादीवर बसला आणि किती वर्षं टिकला ते लिहिलेलंच असतं, आणि बापामागून लेक अशी रांगच असते. मला वाटलं, एका दगडात दोन परीक्षा होतील.

शास्त्रातल्या 'इतिहास' नावाच्या पुस्तकात यहूदा देशाचा एक राजा बत्तिसाव्या वर्षी गादीवर बसला आणि आठ वर्षं राज्य करून वारला. म्हणजे मरताना चाळीस. त्याच्यामागून लगेच त्याचा मुलगा राजा झाला. त्या वेळी मुलाचं वय बेचाळीस.

मी पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. बोटांवर मोजलं. मुलगा बापाहून दोन वर्षांनी थोरला. आणि कहर म्हणजे हा त्याचा धाकटा मुलगा होता.

घाबरून मी शास्त्रातल्याच 'राजे' नावाच्या पुस्तकात तीच हकिगत शोधली. तिथं त्याच मुलाचं वय बावीस दिलेलं. म्हणजे दोन्हींपैकी एक चूक होतं, आणि कुठलं ते आठवीतल्या ढ मुलीलाही कळत होतं. मी पुस्तक मिटलं आणि वर दप्तर ठेवलं, जणू चूक बाहेर येऊन पळून जाणार होती.

आज हे सांगताना मजा वाटते, पण तेव्हा माझी झोप उडाली. पंधरा दिवसांवर तो रविवार. पाठ केलेलं उत्तर दिलं, तर सगळ्या मंडळीसमोर मी मनात एक ठेवून तोंडानं दुसरं बोलणार, आणि तेही शास्त्र खरं आहे हे सांगताना. उत्तर दिलं नाही, तर माझं नाव यादीत येणार नाही, आणि दादांची मान खाली जाणार. दादा तर हवेतच होते. त्यांनी मला पांढरं परकर-पोलकं शिवायला टाकलं होतं, आणि कारखान्यात ज्याला त्याला सांगत होते, "आयतवारी आमची इस्तर हुबी ऱ्हानार हाय."

एका दुपारी जेवताना मी धीर करून विचारलं, "दादा, शास्त्रात चूक असू शकते का?"

त्यांचा घास हातातच राहिला. ताटाकडे बघत म्हणाले, "जेव गुमान."

त्याच आठवड्यात मोर आंधळा झाला. नवीन पत्ते चढवून विणलेली पहिली चादर मागावरून उतरली, आणि मल्लेशम मालक ती खांद्यावर टाकून थेट दादांच्या बैठकीशी आले. मालकांच्या मराठीत कुठला शब्द तो आणि कुठला ती, याचा भरवसा नसे. "मास्तर, मोराची डोळा कुठं गेला?" ते म्हणाले. खरंच, किनारीवरच्या ओळीतला एकूण एक मोर बिनडोळ्याचा होता. पत्त्यात एक भोक पाडायचं राहून गेलं होतं.

दादांनी चूक कबूल केली. पण भोक पाडायचं कुठं? जुने पत्ते अंघोळीच्या बंबात जळून गेले होते. नक्षीचा मूळ कागद उंदरांनी कुरतडलेला. मालक म्हणाले, "मोराला डोळा असते की. बघ, हितं पाड एक."

"एक घर म्होरं का एक घर मागं?" दादा म्हणाले. "मला ठावं न्हाय, मालक. ठावं नसताना हात लावनार न्हाय."

मालकांनी कपाळाला हात लावला. पण दादांना ते ओळखून होते. त्यांनी भाग्याला आणि मला गल्लीत पिटाळलं. तो मोर बारा-पंधरा वर्षं विणला जात होता, त्याच्या पत्त्यांची नक्कल दादांच्या आधीच्या मास्तरांनीही केलेली, आणि मालकांच्या भावाच्या कारखान्यातही एक नक्कल गेलेली. गल्लीत घरोघरी त्या चादरी होत्या. भर दुपारी आम्ही दारं ठोठावत होतो, "मावशी, तुमचा मोर बघायचाय." उन्हाळ्याच्या दिवसांत कुणालाच चादर अंगावर नको असते, त्यामुळं मिळाल्या भराभर. एका आजोबांच्या अंगाखालची ओढून काढावी लागली. त्यांनी आम्हाला तेलुगूत जे काही ऐकवलं त्याचा अर्थ भाग्यानं मला आजतागायत सांगितलेला नाही.

चार वाजता कारखान्याच्या फरशीवर पाच चादरी अंथरल्या गेल्या. दादा गुडघ्यांवर बसून सुईच्या टोकानं धागे मोजू लागले. एका चादरीतल्या मोराला डोळा होता, पण तुऱ्याला तीनाऐवजी दोनच पिसं. दुसरीत तुरा पुरा, डोळाही होता, पण पायाचं एक बोट गायब. तिसरीत शेपटीतला एक ठिपका सरकलेला, चौथीत चोच आखूड. आमची आंधळी तर होतीच. एकही चादर बिनचूक नव्हती. पण सगळ्यांची चूक एका जागी नव्हती, त्यामुळं कुठं काय असायला हवं ते दिसत होतं. डोळा आमची सोडून बाकी चारही चादरींत त्याच धाग्यावर होता.

"म्हणजे खरा मोर कुणाच्याच घरी नाय," भाग्या म्हणाली, "आणि सगळ्यांच्या घरी हाय." मालक खूश होऊन तिला तेलुगूत काहीतरी म्हणाले. दादांनी त्या धाग्याशी टाचणी लावली.

मी चादरींच्या घड्या घालत होते. तिसरी घडी घालताना माझे हात थांबले, आणि मी चादर तशीच टाकून घरी पळाले.

बेचाळीस. कुणाचा तरी हात सरकला असणार. कुठल्याशा दिव्याखाली, कुठल्याशा उकाड्यात, दमलेल्या माणसाचा. पण त्याच्यानंतर शेकडो जणांनी ती ओळ उतरवून घेतली असेल, आणि त्यांना काय मोजता येत नव्हतं? मुलगा बापाहून थोरला आहे हे त्यांनाही दिसलंच असेल. एका शब्दाचं काम होतं. खुपत असूनही त्यांनी हात लावला नाही. शहाणपणा केला नाही. ज्यांनी एवढी उघडी चूक स्वतःच्या मनानं बदलली नाही, त्यांनी बाकीचंही बदललं नसणार. आणि शेजारच्या पुस्तकात बावीस जसंच्या तसं ठेवलं, म्हणून तर खरा आकडा मला कळला. मी पाळकसाहेबांकडे धावत गेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाले, "काही जुन्या भाषांतरांत इथंही बावीसच आहे." मग पुस्तक मिटून म्हणाले, "रविवारी काय सांगायचं ते तुझं तू ठरव."

म्हातारपणी मी या युक्तिवादाकडे जरा जास्त कडक नजरेनं बघते. नक्कल प्रामाणिक आहे म्हणून मूळ गोष्ट खरी, असं होत नाही. मोर कसा होता ते कळलं, पण मोर होता का, हा प्रश्न उरतोच. त्याला सारूबाईंच्या बायाच लागतात, आणि आईचं अक्षर लागतं. पाळकसाहेब म्हणत तसं, सगळी मिळून. पण चौदाव्या वर्षी मला एवढंच हवं होतं, की खोटं न बोलता त्या लोकांमध्ये उभं राहता यावं.

रविवार उजाडला. शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन आम्ही गात गात चर्चभोवती फेरी घातली. मग सहाजण समोर ओळीनं उभे राहिलो. माझ्या आधीच्या पाचांनी पुस्तिकेतलं उत्तर घडाघडा म्हणून टाकलं. माझी पाळी आली. पाळकसाहेबांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "पवित्र शास्त्र खरं आणि विश्वसनीय आहे, हे तू कशावरून म्हणतेस?"

"साहेब, मला त्यात एक चूक सापडली," मी म्हणाले.

बाकांवर कुजबुज झाली. मंडळीचे एक कारभारी अर्धवट उठून म्हणाले, "अगं, पाठ केलेलं सांग." पाळकसाहेबांनी हातानंच त्यांना बसवलं. मग मी सांगितलं. चाळीस वर्षांचा बाप, बेचाळीस वर्षांचा धाकटा लेक. शेकडो वर्षं ज्यांनी उतरवून घेतलं त्यांना ते दिसलं असणार, आणि तरी त्यांनी ते झाकलं नाही. "असल्या माणसांवर माझा विश्वास बसतो," मी म्हणाले. "म्हणून ते जे सांगतात त्यावरही बसतो."

मी दादांकडे बघितलं. ते मान खाली घालून बसले होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मला वाटलं, केलं मी वाटोळं.

पाळकसाहेब म्हणाले, "मग आपण ते बेचाळीस खोडून बावीस करून टाकू या का?"

"नको, साहेब. समासात लिहा."

मागच्या बाकावरून सारूबाई खुदकन हसल्या, भर चर्चमध्ये. "लिवा, लिवा तिचं नाव," त्या म्हणाल्या. पाळकसाहेबांनी लिहिलं.

घरी जाताना आई आणि सारूबाई पुढं चालत होत्या. मी आणि दादा मागं. ऊन रणरणत होतं, डांबर चपलांना चिकटत होतं. दादा माझ्याकडं न बघता चालत होते. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा मला राहवेना. "दादा, तुम्हाला राग आला का?"

ते थांबले. टोपी काढून त्यांनी डोकं पुसलं. "ती बेचाळिसाची वळ," ते म्हणाले, "मला ठावं हाय ती."

"कधीपासून?"

"तू जन्मायच्या आदीपासनं. दर साली वाचत वाचत तितं आलो की डोळं मिटून म्होरं जायचो. वाटायचं, आपलंच कायतरी चुकतंय. कुनाला इचारावं तर म्हनतील, ह्याचा इस्वास कच्चा हाय." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "तुला बरं बोलता आलं."

ज्या माणसाला ठाऊक नसताना पुठ्ठ्याला एक भोकही पाडवत नव्हतं, त्यानं हे पंधरा वर्षं एकट्यानं सांभाळलं होतं. त्या क्षणी मला दादांवर जेवढी माया वाटली तेवढी आयुष्यात पुन्हा कुणावर वाटली नाही.

आम्ही पुढं चालू लागलो. चार घरं ओलांडल्यावर दादांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "इस्तर, आनखी एक हाय तसली. घरी गेल्यावर दावतो."

"जेवायच्या आधी दाखवा," मी म्हणाले, आणि आम्ही दोघं आईला आणि सारूबाईंना मागं टाकून भराभर घराकडे निघालो.